पुरात नियमांचं पत्रक कोण वाचतंय?
कुणीतरी म्हटलंय की मदतकार्यातल्या खर्चाचे नियम संस्थेच्या सगळ्या कार्यकर्त्यांना मेल केले की झालं. २०१९च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आम्ही मदतीसाठी कोल्हापूरकडच्या शिरोळ भागात होतो. वीज नाही, मोबाइल बंद, मेल कुठला बघताय! शेवटी हिशेबनीसानं वहीच्या पुठ्ठ्यावर तीन ओळी खरडून प्रत्येक गाडीत टांगल्या: एका माणसाला दिवसात १०,०००च्या वर रोख नाही, ५,०००च्या वर पावतीला रेव्हेन्यू तिकीट (स्टॅम्प), बिल नसेल तर नावाड्याची सही किंवा अंगठा. पोरं कुरकुरत होती, ‘लोक पाण्यात आणि ह्यांचं तिकीट!’ जास्तीची रोख दिली तर आयकरात तो खर्च धरत नाहीत, हे तोंडी समजावल्यावर गप्प झाली. आणि हो, पुठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. आमचा पहिला भिजून गेला.