मदत हवी आहे : फेनवे पार्कचा नकाशा जुळत नाही

बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या फेनवे पार्क मैदानाचा 1:500 प्रमाणातला नकाशा करायचा आहे. होम प्लेटपासूनची (फलंदाज उभा राहतो तिथपासूनची) ही अंतरं धरली आहेत : डावी फाउल लाइन, म्हणजे बाजूची हद्दरेषा, 310 फूट (कागदावर 18.9 सेंमी), उजव्या फाउल लाइनच्या टोकाचा खांब ‘पेस्कीज पोल’ 302 फूट (18.4 सेंमी), मध्यातला त्रिकोणी कोपरा 420 फूट (25.6 सेंमी). दोन्ही फाउल लाइन 90 अंशांत, बेस (धावताना गाठायचे थांबे) 90 फुटांवर. इथवर सगळं चोख.

घोडं अडतंय ते ग्रीन मॉन्स्टरपाशी. 37 फूट 2 इंच उंचीची ही भिंत डाव्या फाउल लाइनला काटकोनात धरली, तर तिचं दुसरं टोक मध्यातल्या भिंतीला नीट भिडत नाही. भिंत आणि फाउल लाइन यांच्यातला नेमका कोन किती? उपग्रह चित्रावरून मोजला तर भिंतीवरच्या खुर्च्यांची कड भिंतीची रेघ म्हणून धरली जाते, हीच मोठी गोम. त्या खुर्च्या 2003 सालच्या.

नकाशा आजच्या मैदानाचा हवा, 20 एप्रिल 1912ला उघडलेल्या मैदानाचा नव्हे. त्यामुळे 1934पूर्वीचे आराखडे कृपया नकोत. तेव्हा डाव्या भिंतीपुढे ‘डफीज क्लिफ’ नावाचा चढ होता. उजवीकडचे बुलपेनही (चेंडू टाकणाऱ्यांच्या सरावाच्या जागा) 1940चे, त्यांच्यामुळे कुंपण आत सरकलं.

आणखी एक, फाउल टेरिटरीची, म्हणजे फाउल लाइनबाहेरच्या पट्ट्याची, रुंदी कुठे मिळेल? ती फार चिंचोळी आहे, एवढं दिसतं. पण ‘चिंचोळी’ पट्टीने मोजता येत नाही. आकडा फुटांत दिला तरी चालेल.