फ्री-मोशन क्विल्टिंगमध्ये फक्त वळणांवर मागच्या बाजूला धाग्याचे फास का येतात?

प्रश्न:
घरच्या साध्या झिगझॅग मशीनवर मी एकेरी पलंगाच्या मापाचा क्विल्ट शिवत आहे. कापड पुढे सरकवणारे दाते खाली करून, डार्निंग फूट (हाताने कापड फिरवत मोकळेपणी शिवण्यासाठीचा मशीनचा पाय) लावून वळणे भरली, तेव्हा वरून टाका सुरेख दिसत होता. उलटून पाहिले तर प्रत्येक वळणावर वरच्या धाग्याचे बारीक फास झाडूच्या काड्यांसारखे एका बाजूला पसरलेले होते. सरळ भागात हा दोष नाही. वरच्या धाग्याचे टेन्शन (ताण) ४ वरून ६ वर नेले, तरी फरक पडला नाही. धागा ५० नंबरचा सुती, सुई ८०/१२ आणि बॅटिंगही (दोन कापडांमधला मऊ थर) सुती आहे. शिवाय सरळ रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे मागच्या कापडाला चुण्या पडतात.

उत्तर १:
सरळ भागात टाका नीट बसतो आणि वळणावरच बिघडतो, ही बहुतेक वेळा हाताच्या वेगाची खूण असते. वळण आले की हात नकळत झपकन फिरतो, सुईचा वेग मात्र तोच राहतो. मग टाके लांबतात आणि वरचा धागा खाली खेचला जातो. मीही सुरुवातीला टेन्शनच्या चकतीशीच झटापट करत बसले होते. वळणावर हात संथ ठेवा आणि सुई ९०/१४ ची लावा, कारण तीन थरांतून जाताना बारीक सुई वाकते. धागा ओवताना फूट वर असू द्या. ते खाली असेल तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि धागा त्यांच्यात बसतच नाही. त्याच थरांचा वीतभर तुकडा घेऊन वर लाल आणि बॉबिनमध्ये पांढरा धागा भरा, म्हणजे कोणता धागा कुठे ओढला जातो हे लगेच कळेल.

उत्तर २:
वरील निदान मला पटते, पण नुसता हात संथ करून भागत नाही. क्विल्टचे वजन टेबलाखाली लोंबत असेल तर हात अडखळतो आणि मग झटका बसतो. सगळा पसारा टेबलावर घ्या.

चुण्यांचे कारण वेगळे आहे. साध्या फूटखाली दाते खालचे कापड पुढे नेतात आणि वरचा थर मागे रेंगाळतो. सरळ रेघांसाठी वॉकिंग फूट (वरचा थरही सोबत पुढे नेणारा पाय) लावा, टाका ३ मि.मी. ठेवा आणि फूटचा दाब कमी करता येत असेल तर करा. त्याआधी मागचे कापड टेबलावर चिकटपट्टीने सपाट बसवा, मात्र ताणू नका, कारण ताणलेले कापड सुटल्यावर आखडते. पिना साधारण १० सें.मी. अंतरावर लावा आणि शिवण मध्यापासून कडेकडे न्या. पिनांच्या बाबतीत मी कंजूषपणा केला होता; नंतर उसवण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

प्रश्नकर्ती:
दोन रंगांचा तुकडा शिवून पाहिला. टेन्शन ४ वर परत आणले, सुई बदलली. हात संथ ठेवलेल्या वळणांवर एकही लाल फास दिसला नाही, घाईने फिरवलेल्या दोन वळणांवर मात्र तो लगेच उमटला. चुण्यांच्या जागी आता रेघा उसवून पुन्हा पिना लावत आहे.