एरागॉन, दोनशेपानी वही आणि आपण : तुमचे अनुभव सांगा

रंकाळाकाठ
दसरा तोंडावर आला म्हणून काल माळा काढला. पत्र्याच्या ट्रंकेत तळाला माझी अकरावीतली दोनशेपानी वही निघाली. वर निळ्या शाईनं लिहिलंय, 'एरागॉन : समजून घ्यायची वही'. तिथंच शिडीवर बसून तासभर वाचली.

दहावीपर्यंत मराठी माध्यम. २००६ साली भावाच्या मित्रानं 'एरागॉन' हे ड्रॅगनच्या गोष्टीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. पहिल्या तीस पानांना तीन आठवडे लागले. म्हणून वही घातली. डाव्या पानावर नावं आणि त्यांचे उच्चार, उजव्या पानावर मला पडलेले प्रश्न. पुस्तकाच्या मागं उच्चारांची आणि त्यातल्या जादूच्या जुन्या भाषेतल्या शब्दांची यादी आहे, हे निम्मं पुस्तक झाल्यावर कळलं! तोवर मी एका पात्राला 'जिओड' म्हणत होते, तो निघाला 'जोड'.

एका पानावर मोठ्या अक्षरात आहे : 'अंकल म्हणजे काका का मामा?' दोन दिवस शोधलं. एरागॉन हा पोरगा ज्या अंकल गॅरोकडं वाढतो, त्याची बहीण म्हणजे एरागॉनची आई सेलेना. म्हणजे मामा! आणि गॅरोचा मुलगा रोरान मामेभाऊ. तेवढं कळल्यावर ते शेतावरचं घर एकदम आपल्यातलं वाटायला लागलं.

लेक आठवीत आहे, तिनं परवा हेच पुस्तक आणलं आणि विचारलं, "आई, याचं गाईड मिळतं का गं?" परीक्षेच्या गाईडात उत्तरं असतात. माझ्या वहीत नुसते प्रश्न आहेत. द्यावी का तिला? तुम्ही कसं वाचलंत, घरच्या पोरांना कसं दिलंत, लिहा.

गंगावेस_७८
द्या की ताई, विचारताय काय! मी भावाच्या आधी वाचायचं म्हणून रात्री गच्चीवर बॅटरी लावून वाचलंय. ड्रॅगनला सफीरा नाव ठेवायचा प्रसंग आठवतो का? एरागॉन एकेक नाव सुचवतोय, ती नकोच म्हणतेय, कारण सगळी नावं नरांची. ती मादी आहे हे त्याच्या ध्यानातच येत नाही. आम्ही दोघं भाऊ लई हसलो होतो.

शाहूपुरीकर
माझी प्रत २०१९ च्या पुरात गेली. आमच्या कुंभार गल्लीत पंचगंगेनं ४३ फूट ओलांडलं की सामान वर चढवायचं हे ठरलेलं. त्या वर्षी पाणी ५५ च्या पुढं गेलं, वरचंही भिजलं. या मालिकेचे चारी भाग होते. पानं सुटी करून दोरीवर वाळत घातली, पण एकमेकांना चिकटलेली निघेनात.

रंकाळाकाठ
@शाहूपुरीकर वाचून गलबललं हो. माझ्याकडं पहिल्या भागाच्या दोन प्रती आहेत. एक तुमची. खरंच सांगतेय.

तांबडा_पांढरा
मी सिनेमाच बघितला होता २००६ ला. नाही आवडला. पुस्तक वाचायला पाहिजे का?

गंगावेस_७८
@तांबडा_पांढरा भावा, सिनेमा विसर. पुस्तकात जादूचा हिशोब आहे, तो वाच. हातानं दगड उचलायला जेवढी ताकद जाते, तेवढीच मंत्रानं उचलायलाही जाते. झेपणार नाही असं काही करायला गेलास तर जीव जातो. तालमीतल्या माणसाला हे लगेच पटतं. आमचे वस्ताद हेच सांगायचे, अंगात असेल तेवढंच मैदानात निघतं.

वांगीबोळ
शिक्षिका आहे, सातवी-आठवीला शिकवते. मी वर्गात दर शनिवारी वीस मिनिटं मराठीत गोष्ट सांगत सांगत वाचते. एक प्रश्न हमखास विचारते : त्या जुन्या भाषेत खोटं बोलता येत नाही, तरी पुस्तकातल्या एल्फ नावाच्या जमातीतले लोक समोरच्याला फसवतात. कसं? एका मुलीनं उत्तर दिलं, "बाई, खरं बोलायचं पण सगळं नाही बोलायचं." मग तासभर वर्ग त्यावरच. महाभारतातला 'नरो वा कुंजरो वा' पोरांनीच काढला, मी नाही.

दुसरं, एरागॉननं त्या भाषेत तान्ह्या बाळाला दिलेला आशीर्वाद. संकटापासून तुझं रक्षण होवो म्हणायचं होतं, शब्दाचं रूप चुकलं आणि 'तू ढाल हो' असं झालं. व्याकरण कशाला शिकायचं, हे मला त्यानंतर पुन्हा सांगावं लागलेलं नाही. (चूक दुसऱ्या भागात उघड होते. ज्यांनी वाचलं नाही त्यांची माफी मागते.)

शाहूपुरीकर
@रंकाळाकाठ ताई, डोळ्यात पाणी आलं. रविवारी येतो. येताना काय आणू?

मंगळवारपेठी
लेखक ख्रिस्तोफर पाओलिनीनं पंधराव्या वर्षी लिहायला घेतलं, हे पोरांना आधी सांगा. शाळा घरीच झाली त्याची. २००२ मध्ये आईवडिलांनीच छापलं, मोठ्या प्रकाशकाकडून २००३ ला आलं. माझ्या पुतण्याला हे सांगितलं तर त्यानं त्याच रात्री गोष्ट लिहायला घेतली. पन्हाळ्याच्या तटावर ड्रॅगन उतरतो. चाळीस पानं झालीत, मी जपून ठेवलीत.

तांबडा_पांढरा
@मंगळवारपेठी पाठवा की ती गोष्ट! गडाच्या 'तीन दरवाजा'तनं ड्रॅगन आत बसणार कसा पण?

मंगळवारपेठी
@तांबडा_पांढरा वरून येतोय हो, उडतोय तो 😄

आजोबांची_नात
विषय थोडा वेगळा. आमचे आजोबा करवीर नगर वाचन मंदिराचे जुने सभासद. १८५० सालचं वाचनालय आहे म्हणून फार अभिमान त्यांना. इंग्रजी कादंबरी त्यांनी कधी वाचली नाही. मी रोज जेवताना त्यांना एक प्रकरण मराठीत सांगायचे. ब्रॉम गेला त्या दिवशी त्यांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, "गुरू गेला की पोर एका रात्रीत मोठं होतं." सफीरानं त्याची दगडाची समाधी हिऱ्याची केली, ते त्यांनी माझ्याकडून दोनदा सांगून घेतलं. गेल्या वर्षी आजोबा गेले. आज तुमच्यामुळं तो आवाज कानात आला.

वांगीबोळ
@आजोबांची_नात 🙏 भाग्यवान आहेस बाळा.

गंगावेस_७८
ताई, वहीतला अजून एखादा प्रश्न टाका ना.

रंकाळाकाठ
हा घ्या, पान ६१. टीर्म शहरात जहाजांच्या मालाच्या नोंदी शोधायच्या असतात आणि तिथं कळतं की एरागॉनला वाचताच येत नाही. ब्रॉम त्याला अक्षरांपासून शिकवतो. मी लिहिलंय : 'गॅरोमामांनी का नाही शिकवलं? याला लाज वाटली असेल का?' खाली वेगळ्या पेनानं : 'मला वाटते तशीच.' डिक्शनरी दप्तरात लपवून न्यायची मी तेव्हा. त्या पानानंतर बाकावर उघडी ठेवायला लागले.

वही दिली लेकीला सकाळी. तिनं ६१ नंबरचं पान वाचलं, काही बोलली नाही. खाली तिसरं पेन लागलंय, काय लिहिलंय ते मी बघितलेलं नाही.

@शाहूपुरीकर काही आणू नका, सकाळी दहाच्या आत या फक्त. नंतर आमच्याकडं नळाला पाणी येतं.