गाळ आणि प्रवाळ: टाकीत गाळ तरंगत कसा ठेवायचा?

दांडियाबाजारकर: नमस्कार, मी बडोद्यात एमएससी करतेय. जामनगरजवळच्या नराराला (कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान) ओहोटीला गेलो होतो, तिथे प्रवाळावर पिठासारखा गाळ बसलेला बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून गाळाने प्रवाळाचं काय होतं यावर लॅबमध्ये प्रयोग करायचाय. पण टाकीत गाळ घातला की तासाभरात सगळा तळाशी! काय करू?

सयाजी_७: तळाजवळ छोटा पंप लावा, प्रवाह वरच्या दिशेने, पण थेट प्रवाळावर नको हं, नाहीतर गाळ धुऊनच जाईल. आणि टर्बिडिटी (पाण्याचा गढूळपणा) रोज मोजा.

मांडवीचा_मन्या: पंपाचं ठीक, पण गाळ कुठला घेताय ते जास्त महत्त्वाचं. ६३ मायक्रॉनपेक्षा (०.०६३ मिमी) बारीक गाळ रेतीपेक्षा घातक, कारण तो चिकटून बसतो, आणि त्यात सेंद्रिय पदार्थ असले की जिवाणू वाढतात, ऑक्सिजन संपतो आणि खालची प्रवाळाची ऊती मरते. प्रवाळ चिकट स्राव सोडून, अंग फुगवून गाळ झटकायला बघतो, फार ताकद जाते बिचाऱ्याची. वर पाणी गढूळ म्हणजे प्रवाळाच्या आत राहून त्याला अन्न पुरवणाऱ्या शैवालाला उजेड कमी. म्हणून एक टाकी गाळाशिवाय पण तेवढ्याच कमी उजेडात ठेवा, नाहीतर नुकसान गाळाने की अंधाराने ते कळणारच नाही.

दांडियाबाजारकर: अरे हे सुचलंच नव्हतं, खूप आभार!

सयाजी_७: एक राहिलं ताई, दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये (सगळ्यात कडक संरक्षणाची यादी) आहेत, वनखात्याची परवानगी आल्याशिवाय तुकडासुद्धा उचलू नका.