उच्चार माहीत नसलेलं चिनी अक्षर टाइप कसं करायचं? सल्ला हवाय

पाऊसवेडी: मंडळी, हाँगकाँगला येऊन दोन वर्षं झाली. बिल्डिंगच्या नोटिशीवर अक्षर समोर दिसतं पण उच्चारच माहीत नसतो, मग पिनयिनने, म्हणजे उच्चार इंग्रजी अक्षरांत लिहून, टाइप कसं करणार? माउसने गिरवून गिरवून हात भरून येतो. ऑफिसातल्या मैत्रिणी साध्या कीबोर्डवर अक्षराचे तुकडे पाडून धडाधड मारतात. काय शिकू?

चहाबाज: त्सांगजिए, ही आकाराचे तुकडे पाडून टाइप करायची पद्धत, डोळे झाकून. चू बाँग-फू यांनी तैवानमधे १९७६ ला बनवली, १९८२ ला पेटंटही सोडून दिलं, केवढं मोठं मन! विंडोज, मॅक दोन्हीत आयती आहे. २४ बटणांवर २४ मूळ आकार, ए वर सूर्य, बी वर चंद्र, डी वर झाड. सूर्य-चंद्र शेजारी म्हणजे उजेड, ए-बी मारून स्पेस. डी-डी म्हणजे रान, डी-डी-डी म्हणजे दाट रान, ते पहिल्यांदा स्क्रीनवर उमटलं तेव्हा मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं.

गच्चीवरून: मी चीनमधल्या शेन्झेनला, इथे चिनीची सोपी केलेली लिपी म्हणून वूबी, हीसुद्धा तुकड्यांचीच पद्धत, वांग योंगमिन यांची, १९८३ ची. जास्तीत जास्त चार बटणं. 'चांगलं' म्हणजे बाई आणि मूल, व्ही-बी, झालं. त्सांगजिएत बाई व्ही वरच आहे पण मुलाला बटण नाही, ते फोडून व्ही-एन-डी करावं लागतं. पण ताई, तुम्ही हाँगकाँगला आहात, तिथे जुनी पारंपरिक लिपी, तर वूबीच्या वाटेला जाऊ नका.

कांदेपोहे: एवढं कशाला, क्विक घ्या ना, त्सांगजिएचंच पहिलं आणि शेवटचं बटण मारायचं, व्ही-डी, आणि यादीतून निवडायचं. इथे कितीतरी लोक तेच वापरतात.

चहाबाज: हो, पण दर अक्षराला यादीत नजर फिरवा! आकार तर तिथेही शिकावेच लागतात, मग दोन महिने जास्त घालवून पूर्णच शिका.

पाऊसवेडी: काल रात्री बसले. ई वर पाणी, लगेच आलं. पण नोटिशीत त्याच्या आधी 'थांबणे' आहे, पाणी बंद, ते ओ-वाय-आर-बी-एन केलं तर येतच नाही, सगळे तुकडे तर बरोबर दिसतायत??

चहाबाज: तुकडे बरोबरच आहेत, शाब्बास! डावीकडचा माणूस ओ, तो वेगळा. उजव्या भागाची मात्र तीनच बटणं घ्यायची, पहिलं, दुसरं आणि एकदम शेवटचं, मधलं बी गाळायचं. ओ-वाय-आर-एन करून बघा.

पाऊसवेडी: आलं!! आता अख्खी नोटीस टाइप करते.