मदत हवी आहे: बाथरूम पूर्ण तोडून नव्याने करायचंय, डिझायनरकडून नेमकं काय लिहून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, इमारत १९९८ची. मोठ्या बेडरूमचं बाथरूम ८ बाय ५ फुटांचं. खालच्या काकूंच्या छताला दोन पावसाळे ओल येतेय. दोनदा फरश्यांच्या सांध्यांत एपॉक्सी (पाणी अडवणारा लेप) भरून घेतलं. चार महिने बरे जातात, मग पुन्हा पोपडे. प्लंबर म्हणतो, पाणी खालच्या कोब्यात (फरशीखालच्या वीटतुकडे-सिमेंटच्या थरात) मुरलंय, वरवर कितीही भरलं तरी ते वाट काढणारच. जुने जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईपही गंजलेत. म्हणजे स्लॅबपर्यंत उखडणं आलंच.

तोडतोच आहोत तर आईला सोयीचं करावं असं ठरवलं. ती ७६ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात. कमोडवरून उठताना ती बेसिनची कड धरते. बेसिन भिंतीपासून बोटभर सुटलंय आणि ती उठली की मागून पांढरं सिमेंट भुरभुरतं. रोज सकाळी ते पुसताना माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून पहिल्यांदाच इंटिरियर डिझायनर गाठली. मुलगी हुशार आहे, मापं नीट घेतली, थ्रीडी चित्रं सुंदर काढली. पण त्यात २ बाय ४ फुटांच्या चकचकीत टाइल्स आहेत, त्या जमिनीवरही. एवढ्या मोठ्या फरशीला नहाणी ट्रॅपकडे (पाणी वाहून जायच्या जाळीकडे) ढाळ द्यायचा तर ती तिरकी कापावी लागणार, नाहीतर पाणी कोपऱ्यात साचणार. शिवाय ओल्या पायांनी आई त्यावर चालणार कशी? मी खरबरीत, लहान टाइल सुचवली तर म्हणाली, 'लुक जाईल.'

भिंतीवर टांगलेल्या कमोडचं मला पटलं, कारण उंची हवी तशी ठेवता येते आणि खालून पुसता येतं. पण आमची ती भिंत चार इंची विटांची. लोखंडी फ्रेम जमिनीला बसवून वजन स्लॅबवर घेता येतं म्हणे. कोणी जुन्या इमारतीत असं केलंय का? पुढे भिंतीआड गेलेली फ्लशची टाकी बिघडली तर फरशी न फोडता दुरुस्ती होते का?

आणि पैशांचं. तिची फी एकूण खर्चाच्या १२ टक्के. खर्च वाढला की फी वाढणार, हे मनाला खटकतंय. ठरावीक रकमेवर बोलणी करावीत का? वॉटरप्रूफिंगच्या हमीचं विचारलं तर ती ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार केमिकलवाल्याकडे. पुन्हा गळलं तर काकूंच्या दारात मलाच उभं राहायचंय. ही जबाबदारी कागदावर कुणाच्या नावाने घालावी?

माझ्या मनात आहे ते असं: कोबा काढून वॉटरप्रूफिंग झालं की दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवायचं, खाली काकूंकडे जाऊन छत पाहायचं आणि मगच पुढचा हप्ता द्यायचा. नवे सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचे) पाईप टाइल लावण्याआधी दाब देऊन तपासायचे आणि भिंतीला मोजायची टेप लावून त्यांचे फोटो काढायचे. आधाराचे दांडे कुठे येणार ते आत्ताच ठरवून तिथली भिंत भक्कम करायची. यात काही राहतंय का?

ज्यांनी डिझायनर घेऊन काम केलंय त्यांनी फी सार्थकी लागली का तेही प्रामाणिकपणे सांगा. तिला नाही म्हणायचं मनात नाही, फक्त चित्र आणि आई या दोन्हींत तिने आईला धरावं एवढंच हवंय.

भर: प्रतिसादांत दाराबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. दार सव्वादोन फुटांचं आहे आणि आत उघडतं. आई आत पडली तर दार तिलाच अडेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाहेर उघडणारं केलं तर कपाटाला आपटतं. सरकतं दार ओल्या जागी टिकतं का?