व्हिटॅमिन डी कमी, तरी रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल कसं?

कोरांटी:
रिपोर्टमध्ये डी ११ आणि कॅल्शियम ९.२ असेल, तर कॅल्शियमचं शोषण नीट चाललंय असं धरायचं का? डी आतड्यात नेमकं काय करतं? कॅल्शियम कार्बोनेटची १२५० मिलिग्रॅमची गोळी रोज चालू आहे असं समजा.

निवडुंग:
नाही, नुसत्या ९.२ वर विसंबू नका. आतड्यातून आवक घटली की पॅराथायरॉइडचं हार्मोन वाढतं आणि हाडांतून उचल करून रक्तातला आकडा सांभाळला जातो. पीटीएच (हेच पॅराथायरॉइडचं हार्मोन) आणि अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांची झीज-भर वाढली की रक्तात वाढणारं एन्झाइम) चढलेत का ते बघा.

डी३ (व्हिटॅमिन डीचं एक रूप) यकृतात आधी २५-हायड्रॉक्सी होतं (११ हा आकडा त्याचाच), मग मूत्रपिंडात कॅल्सिट्रिऑल. खरं काम याचं. आतड्याच्या पेशीला ते तीन प्रथिनं जास्त बनवायला लावतं: कॅल्शियम आत घेणारं दार म्हणजे टीआरपीव्ही६, पेशीतून पलीकडे नेणारा हमाल कॅल्बिंडिन, आणि रक्ताच्या बाजूला ते ढकलणारा पंप. डी नसेल तर खाल्लेल्यातलं जेमतेम १०-१५ टक्के आत जातं, पुरेसं असेल तर ३०-४०.

खडीसाखर:
गोळीबद्दल. १२५० मधलं खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच. एका वेळी तेवढंच घ्या, दोन गोळ्या एकदम घेतल्या तर शोषणाचं प्रमाण घसरतं. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून जेवणासोबत. पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) रोज चालू असेल तर त्याऐवजी कॅल्शियम सायट्रेटच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) घेत असाल तर मध्ये ४ तास सोडा.

निवडुंग:
आणि डीचं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा असतं, साधारण ८ आठवडे. ‘रोज एक’ समजून घेतलं की कॅल्शियम चढतं: मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी. घ्यायचं ते स्निग्ध जेवणानंतर, उपाशीपोटी नको. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर शेवटचं रूपांतरच अडतं, तिथे नुसत्या पाकिटावर भागत नाही.

कोरांटी:
गोळीऐवजी पालक, नाचणी चालेल?

खडीसाखर:
पालक यासाठी बाद. त्यातलं ऑक्झलेट हे संयुग कॅल्शियमला धरून ठेवतं, जेमतेम ५ टक्के मिळतं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पण धान्यातलं फायटेट हे संयुग शोषणाच्या आडवं येतं. मोड आणून दळलीत तर ते बरंच कमी होतं. डी मात्र नाचणीत नाही, तेव्हा पाकीट थांबवू नका.